अंदमानची ‘वाइल्डलाइफ डे टूर’ घेण्याआधी

अंदमानला निघालेल्या इंदूरकरांना एकच विनंती आहे. एजंटच्या कागदावर ‘बाराटांग आणि पॅरट आयलंड, एकाच दिवसात’ असं लिहिलेलं दिसलं, तर पैसे पाठवू नका. ही सहल होऊच शकत नाही, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

आम्ही तिलक नगरातली तीन बिऱ्हाडं मिळून गेलो होतो. एजंट इथलाच, मराठी बोलणारा, गणेशोत्सवाच्या मांडवात पुढे पुढे करणारा. हॉटेल आणि बोटी त्याने ठीक दिल्या, ते नाकारत नाही. गोम होती ‘आयलंड वाइल्डलाइफ डे टूर’मध्ये. माणशी ६,५०० रुपये, त्यात १,५०० रुपये ‘सरकारी वाइल्डलाइफ परमिट’चे. रक्कम कंपनीच्या नव्हे, त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर. “काकू, जीएसटी वाचतो तुमचा,” असं वर!

आता भूगोल बघा. पोर्ट ब्लेअरहून (हल्लीचं श्री विजयपुरम) बाराटांगला जाणारा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरलेल्या वेळांनाच, पोलीस बंदोबस्तात, ताफ्याने सुटतात. पलीकडे मिडल स्ट्रेटला फेरी, मग स्पीडबोटीने खारफुटीतून चुनखडीच्या गुहांकडे. हा भाग खरोखर सुंदर आहे. पण परतीचा शेवटचा ताफा दुपारी तीनच्या सुमारास निघतो. आणि पॅरट आयलंडवर पोपट येतात ते सूर्यास्ताला, मुक्कामाला. हजारोंनी येतात म्हणे. ते बघायचे तर रात्री बाराटांगलाच राहावं लागतं. आमच्या कागदावर मात्र साडेपाचला पोपट आणि साडेआठला हॉटेलात जेवण.

दुपारी गाइड म्हणाला, “हवा खराब आहे, पॅरट आयलंड आज बंद.” आभाळ निरभ्र होतं. जेट्टीवरच्या चहावालीने आमचा कागद बघितला आणि हसली. “ऐसे काग़ज़ वाले रोज़ आते हैं. उधर जाने का है तो रात को इधर रुको ना.” गाइडने हवेचा विषय पुन्हा काढला नाही.

पैशांपेक्षा जास्त संताप आला तो दुसऱ्या गोष्टीचा. त्या कागदावर ‘वाटेत दिसणारे’ म्हणून एक यादी होती: मगर, रानडुक्कर, समुद्री गरुड, जारवा. माणसांना जनावरांच्या यादीत घातलं होतं! जारवांचे फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं, त्यांच्यासाठी गाडी थांबवणं हा गुन्हा आहे. १९५६ पासून त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि नाक्यावर मोठ्या अक्षरांत सूचना लावलेली आहे. तरी ड्रायव्हरने हळूच विचारलं, “दिखे तो गाड़ी धीमी करूँ? पाँच सौ.” आमच्या वहिनींनी त्याला असं झापलं की पुढे मिडल स्ट्रेट येईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. असं कोणी विचारलं तर गाडीचा नंबर टिपून ठेवा.

पोपट हुकले म्हणून भरपाई काय, तर दुसऱ्या दिवशी ‘डियर सफारी’. म्हणजे रॉस बेट, हल्लीचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. जेट्टीवरून थोड्याच मिनिटांची बोट. तिथली हरणं म्हणजे आपले चितळ, इंग्रजांनी मुख्य भूमीवरून नेऊन सोडलेले, बिस्किटाच्या आशेने पर्यटकांच्या मागे फिरणारे. चितळच बघायचे होते तर नवलखाचं प्राणिसंग्रहालय काय वाईट होतं? बेट इतिहासासाठी जरूर बघा, पण बोटीचं तिकीट जेट्टीवर स्वतः काढा.

त्या १,५०० रुपयांच्या परमिटची पावती अजून मिळालेली नाही. जिरकाटांगला नावं आणि ओळखपत्रांचे तपशील भरून दिलेला एक फॉर्म, एवढंच काय ते परमिट आम्ही पाहिलं. वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे जॉली बॉय किंवा रेड स्किनला, वनखात्याचा परवाना खरंच लागतो. पण ती दोन्ही बेटं आलटून पालटून खुली असतात, एकाच दिवशी दोन्ही दाखवतो म्हणणाराही खोटाच.

परत आल्यावर एजंट म्हणाला, “काकू, निसर्गाची गॅरंटी कोण देणार?” पोपट आले नसते तर हे मान्य केलं असतं. इथे आम्हालाच तिथे पोचता येणार नव्हतं, हे निसर्गाचं नाही, वेळापत्रकाचं काम. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, त्यामुळे अंदमानच्या सहलीचा दावा इंदूरलाच लावता येतो. कागद, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉइस मेसेज, सगळं जपून ठेवलंय.

परवा त्याचा निरोप आला: अर्धे पैसे देतो, पण कॉलनीत सांगणं बंद करा. आम्ही पूर्ण पैसे आणि परमिटची पावती मागितली आहे.