शीड पांढरंशुभ्र झालं आणि कामातून गेलं

होडीची शिडं धुवायला देणार असाल तर आधी हे वाचा. ‘बुरशी शंभर टक्के काढतो, कापड नव्यासारखं करतो, वर बुरशीरोधक लेप देतो’ असं छातीठोक सांगणाऱ्या एकाने माझी दोन शिडं नेली: डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टर कापडाचं, मुख्य शीड आणि नायलॉनचं स्पिनेकर, म्हणजे वारा मागून असताना पुढे लावायचं फुगीर शीड. काय वापरता, असं विचारलं तर ‘आमचं खास जैविक द्रावण’ एवढंच उत्तर.

परत आलं तेव्हा मुख्य शीड डोळे दिपतील इतकं पांढरं होतं. स्पिनेकरचे रंग मात्र विटले होते. ‘ते उन्हाने आधीच उडाले होते,’ म्हणाला. साफ खोटं! मध्यम वाऱ्यातच स्पिनेकर फाटलं, तेही शिवणीवर नाही, कापडाच्या मधोमध. शिडं शिवणाऱ्या कारागिराने हात लावताच सांगितलं, हे क्लोरीनवालं ब्लीच. डेक्रॉन सौम्य ब्लीच सोसतं. नायलॉनचे आणि केव्हलरचे (हाही एक मजबूत कृत्रिम धागा) धागे त्याने कुजतात. खोदून विचारल्यावर धुणाऱ्यानेही कबूल केलं की सगळ्या शिडांना तो तेच लावतो, आणि मोठ्या यंत्रात गरम पाण्याने घुसळतो. डेक्रॉनला ताठपणा देणारं रेझिन त्यातच निघून जातं. माझं मुख्य शीड आता चादरीसारखं लुळं आहे, वाऱ्यात आकारच धरत नाही.

लेपाचे वेगळे पैसे घेतले होते, तरी दमट हवेत काळे ठिपके पुन्हा उमटले. भरपाई मागितली तर पावती पुढे केली. तिच्यावर फक्त ‘धुलाई’ लिहिलेलं! म्हणून कापड कोणतं, रसायन कोणतं, यंत्र वापरणार की हाताने धुणार, हे पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला कोणी कां-कूं केली तर शीड देऊ नका. लॅमिनेट, म्हणजे थर एकमेकांना चिकटवून केलेल्या, शिडाच्या थरांमध्ये शिरलेली बुरशी बाहेरून धुऊन निघतच नाही. ती काढून देतो म्हणणारा थेट फसवतोय.

खरं तर बुरशी पॉलिएस्टर खात नाही, त्यावरच्या मळावर वाढते. जुना डाग राहिला तरी कापड त्याने कमकुवत होत नाही, आणि हे धुणारे आपल्याला नेमक्या त्या डागाचीच भीती घालतात. सुकी बुरशी उघड्यावर मऊ ब्रशने झाडा, मग गार पाणी आणि सौम्य साबण. डेक्रॉनवर अगदी पातळ ब्लीच थोडाच वेळ, नंतर भरपूर पाणी. ब्लीचमध्ये व्हिनेगर, अमोनिया किंवा संडास धुण्याचं आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. शिडात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच घडी घाला.