क्वांटिको, हंफ्रे की ओखा? कोकण किनाऱ्यावरच्या पोलिस अधिकाऱ्यासाठी

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एक बेवारस बोट किनाऱ्याला लागली आणि आत तीन एके-४७ सापडल्या. मालकीण ऑस्ट्रेलियन, मस्कतहून युरोपला निघालेली बोट इंजिन बंद पडल्यावर भर समुद्रात सोडून दिलेली. परदेशी प्रशिक्षणाचा विषय निघाला की मला आधी ती बोट आठवते. अशा वेळी दुसऱ्या देशातल्या अधिकाऱ्याशी थेट ओळख असेल, तर निम्मं काम तिथेच होतं.

ही ओळख हवी असेल तर एफबीआयची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेची, नॅशनल अकॅडमी. १९३५ पासून सुरू, १९६२ पासून परदेशी अधिकाऱ्यांनाही प्रवेश. व्हर्जिनियात क्वांटिकोला दहा आठवडे राहायचं; एका तुकडीत साधारण अडीचशे जण, त्यातले दहातला एक परदेशी. नेतृत्व, कायदा, वर्तनशास्त्र हे विषय, आणि शेवटी ६.१ मैलांची अडथळ्यांची दौड. पूर्ण करणाऱ्याला पिवळी वीट देतात. सागरी पोलिसिंग तिथे फारसं मिळणार नाही. पण जेवणाच्या टेबलावर समोर बसलेला माणूस पुढे वीस वर्षं फोन उचलतो, आणि माझ्या मते खरी कमाई तीच. अर्ज थेट करता येत नाही, नाव शासनाकडून जावं लागतं. त्यासाठी सेवापुस्तक आणि तब्येत दोन्ही आधीपासून नीट ठेवा.

अमेरिकी सरकारच्या हंफ्रे फेलोशिपचा बाज वेगळा. १९७८ साली सुरू झालेली, दहा महिन्यांची, पदवी न देणारी. किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. फक्त पोलिसांसाठी नाही. वर्गात वकील, पत्रकार, आरोग्य अधिकारीही असतात. मानवी तस्करी किंवा कायदा सुधारणा यावर तुम्हाला सलग वाचायचं, लिहायचं असेल तर इतका निवांत वेळ नोकरीत पुन्हा मिळत नाही. किंमत मात्र मोजावी लागते: त्या वर्षीचा गणपतीचा बंदोबस्त आणि शिमगा, दोन्ही दुसऱ्याच्या अंगावर. मुलं शाळेत असतील तर आधी घरी बोला.

एक सांगतो, रागावू नका. सागरी पोलिस ठाण्याचा पदभार नुकताच घेतला असेल तर आधी गुजरातेत ओख्याला जा. किनारी पोलिसांसाठीची राष्ट्रीय अकादमी तिथे २०१८ पासून आहे. पहाटे बंदरावर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ओल्या हातानं प्लास्टिकमधलं ओळखपत्र पुढे करतो, तेव्हा कार्डावरचा माणूस आणि बोटीवरचे खलाशी यांचा मेळ कसा घालायचा, हे क्वांटिकोत कोणी शिकवणार नाही. १९९३ साली मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडमधल्या शेखाडीला उतरलं, तेही अशाच छोट्या ठिकाणी, पैसे घेऊन केलेल्या काणाडोळ्यातून.

पोलिस अधीक्षक पदावर असाल, समुद्राची माहिती पक्की असेल, तर मी क्वांटिकोच निवडीन. पावसाळी मासेमारीबंदी जून-जुलैत असते. त्या काळाला लागून सत्र मिळालं तर पाहा, मागे राहिलेल्या सहकाऱ्यांवर ताण कमी येतो.