साधा लक्समीटर, आठ महिने वापरून

आठ महिने झाले हा हातातला लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचा मीटर, वापरतोय. ब्रँडचं नाव टाकत नाही, कारण दिसायला हुबेहूब असे बरेच मीटर वेगवेगळ्या स्टिकरखाली मिळतात आणि माझं रडगाणं बहुतेक सगळ्यांना लागू पडेल. मीटर वेगळा, सेन्सर वेगळा, मधे गुंडाळीची वायर. ही वायरच सगळ्यात आवडली, कारण सेन्सर टेबलावर ठेवून आपण दोन पावलं मागं सरकू शकतो. सेन्सर मीटरलाच चिकटलेला असेल तर घेऊ नका, आपलीच सावली मोजत बसाल.

पहिल्या दिवशीची फजिती सांगतो. ९ वॅटचा बल्ब, खोक्यावर ९०० लुमेन, एक मीटरवरून मोजलं तर ११८ लक्स. झालं, म्हणलं फसवलं कंपनीनं. पण फसवलं-बिसवलं काही नव्हतं, मलाच कळत नव्हतं. लुमेन म्हणजे बल्बमधून सगळ्या बाजूंना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड आणि लक्स म्हणजे त्यातला एक चौरस मीटरवर पडतो तेवढा. ९०० लुमेन चारी बाजूंना सारखे फेकले तर एक मीटरवर ७२ च्या आसपासच लक्स येतात, एलईडी बल्ब मागं कमी आणि पुढं जास्त फेकतो म्हणून ११८ आले. म्हणजे या मीटरनं खोक्यावरचा आकडा खरा की खोटा हे थेट कळणारच नाही, आणि विकणारे हे कुठंच लिहीत नाहीत.

मग दोन मीटरवर नेऊन बघितलं. अंतर दुप्पट केलं की उजेड एक चतुर्थांश, म्हणजे २९-३० यायला हवे, आले ४१! मीटर परत करायचं जवळपास ठरलंच होतं, पण सहज मागच्या पांढऱ्या भिंतीवर काळी चादर टाकली आणि आकडा झरझर उतरत ३३ वर आला, अंगातला पांढरा शर्ट काढून गडद घातला तर ३१. बिचारा मीटर बरोबरच होता, भिंतीचा आणि माझ्या शर्टाचा उजेडसुद्धा प्रामाणिकपणे मोजत होता.

आता खऱ्या तक्रारी. सेन्सरवरचा पांढरा घुमट तिरक्या उजेडासाठी असतो. ६० अंशावर कलता केला की आकडा निम्मा व्हायला हवा, ११८ चे ५९, माझा ५४ दाखवतो, चालतंय. ८० अंशावर साधारण २० यायला हवे तिथं ११, हे नाही चालत. छतावर चार-पाच दिवे असतील आणि लांबच्या दिव्याचा उजेड तिरका येत असेल तर मीटर तो अर्धा खाऊन टाकतो.

दुसरं, मोठ्या रेंजला आकड्याच्या कोपऱ्यात ‘गुणिले दहा’ची खूण येते, मुंगीएवढी. उन्हात धरलं तर ९,८०० दिसलं आणि मी दहा मिनिटं डोकं खाजवत बसलो, भर दुपारच्या उन्हात लाखाच्या आसपास यायला हवं ना! मग चष्मा लावला.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवट रंग सगळ्यात उजळ दिसतो, ४५० चा निळा त्याच्या जेमतेम ४ टक्के. आतला सिलिकॉनचा फोटोडायोड, म्हणजे उजेड पकडणारा भाग, तसा बघत नाही, म्हणून त्याच्यावर फिल्टर बसवून डोळ्यासारखं करतात, आणि पुस्तिकेत लिहिलंय की कॅलिब्रेशन (आकड्यांची जुळवणी) २८५६ केल्विनच्या टंगस्टन दिव्याखाली केलंय. पांढऱ्या एलईडीला त्यातल्या त्यात निभावतं, पण निव्वळ निळ्या एलईडीखाली फिल्टर जरासा चुकला तरी आकडा कुठच्या कुठं जातो. माझ्याकडच्या निळ्या पट्टीचा आकडा नुसत्या डोळ्यानं बघूनही पटत नाही. रंगीत दिव्यांसाठी घेणार असाल तर सरळ स्पेक्ट्रोमीटरवाला, म्हणजे प्रत्येक रंगाचा उजेड वेगळा मोजणारा, घ्या. झाडांच्या लाइटसाठी पण हा नको, झाडाचं आणि आपल्या डोळ्याचं गणित वेगळं.

फ्लिकर, म्हणजे दिव्याचं लुकलुकणं, पण कळत नाही बरं का. ५० हर्ट्झच्या विजेवर भिकार ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, मीटर सरासरी काढून गप्प बसतो.

मग उपयोग काय? तुलना. त्यात हा पठ्ठ्या एकदम भारी. तोच बल्ब, तीच जागा, सेन्सर चिकटपट्टीनं पक्का. लावल्या लावल्या ११८, अर्ध्या तासानं १०९, कारण एलईडी तापला की उजेड उतरतो. म्हणून दिवा लावून लगेच आकडा लिहू नका, स्थिर होईपर्यंत थांबा. मोबाइलचं ॲप पण लावून बघितलं, फोन जरा हलला की आकडा उड्या मारतो, दोन फोनांचं एकमेकांशी जमत नाही ते वेगळंच.

लुमेनच हवे असतील तर इंटिग्रेटिंग स्फिअर लागतो, आतून पांढरा मॅट लेप दिलेला पोकळ गोळा, आणि सेन्सरवर थेट उजेड पडू नये म्हणून मधे आडोसा. मी थर्माकोलच्या खोक्याचा जुगाड केला, आधी लुमेन माहीत असलेला ओळखीचा बल्ब, मग नवा, आणि दोन्ही आकड्यांचं प्रमाण काढायचं. सारख्या बल्बांना बऱ्यापैकी जमतं. काळ्या बॉडीचा दिवा ठेवला की बॉडीच उजेड पिते आणि नवा दिवा उगाच कमजोर ठरतो, खऱ्या लॅबमधे त्याच्यासाठी वेगळा मदतीचा दिवा लावून दुरुस्ती करतात.

पाचातले साडेतीन स्टार. अर्धा सेन्सरच्या टोपणासाठी कापला, दोरी दुसऱ्याच महिन्यात तुटली आणि घुमटावर अंगठ्याचा डाग बसला. ओल्या कापडानं पुसल्यावर त्याच जागी ११३ चे ११७ झाले, म्हणजे मधले काही दिवस मी माझा अंगठाच मोजत होतो.