ग्रॅम्प्स आणि दोनशे पानी वही: अकरा महिन्यांनंतर

भावकीतल्या एका काकांनी वंशावळीची झेरॉक्स हातात ठेवली, तिथून हे सुरू झालं. २०२३ च्या शेवटी गावोगाव जुन्या कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली होती, तेव्हा कुणीतरी तयार केलेला कागद. सात पिढ्या, एकेचाळीस नावं, सगळे पुरुष. मी दोनदा मोजलं. एकेचाळीस पुरुष, आणि त्यांना जन्माला घालणारी बाई एकही नाही.

मग मीच शोधायला बसले. पहिल्या तीन महिन्यांत जे केलं त्याला शोध म्हणायची लाज वाटते. फोनमध्ये साडेचारशे फोटो, लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूला टिपणं, आणि एकच फेरफार उतारा दोनदा पैसे भरून काढलेला, कारण पहिला कुठे ठेवला तेच आठवेना. बँकेत तीस वर्षं व्हाउचरं लावलेल्या बाईची ही गत. शेवटी भाचीनं लॅपटॉपवर ग्रॅम्प्स हे वंशावळ नोंदवायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. आता अकरा महिने दोन्ही वापरतेय. म्हणून हा अनुभव, चांगला आणि वाईट दोन्ही.

ग्रॅम्प्स फुकट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं, आणि सगळी माहिती आपल्याच मशीनवर राहते. मला हेच हवं होतं. घरच्यांच्या जन्मतारखा आणि जमिनीचे कागद दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर कशाला? मी ते इंग्रजीतून वापरते, नावं मात्र देवनागरीत टाइप करते. काही अडत नाही.

पहिले पंधरा दिवस डोकं उठतं, हे आधीच सांगते. माणूस वेगळा, कुटुंब वेगळं, घटना वेगळी, कागद वेगळा, कागदातला नेमका उल्लेख आणखी वेगळा. एक जन्मतारीख घालायला पाच खिडक्या उघडायच्या! पण एकदा लक्षात आलं की ही आपली व्हाउचरचीच पद्धत आहे, पुराव्याशिवाय एंट्री नाही, मग हात बसला. प्रत्येक उल्लेखाला तो किती भरवशाचा याची पायरीही लावता येते, अगदी कमीपासून अगदी जास्तपर्यंत.

या पायरीचा उपयोग वडिलांच्या जन्मतारखेला झाला. शाळेच्या रजिस्टरात १ जून १९३६. आपल्याकडे निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, मास्तरांच्या कृपेनं. आत्या म्हणते, दादा बेंदराच्या आदल्या दिवशी झाला, आईनं बैलांच्या पुरणपोळ्या तशाच टाकल्या. बेंदूर आषाढातला, म्हणजे जुलैच्या आगेमागे. मी दोन्ही नोंदी ठेवल्या. रजिस्टराला भरवसा कमी, आत्याला जास्त. साध्या तक्त्यात एक खोडून दुसरी लिहिली असती आणि वर्षभरानं का खोडली ते विसरले असते.

आत्याकडून तारखा काढणं हा स्वतंत्र उद्योग आहे. साल विचारलं की ती हात झटकते. काय चाललं होतं ते विचारायचं. 'पानशेत फुटलं तेव्हा थोरली पोटात होती.' 'भूकंपाच्या रात्री धाकटा पाळण्यात होता, मी पाळण्यासकट उचलून अंगणात आले.' झालं, पानशेत धरण १२ जुलै १९६१ आणि कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, दोन खुंट्या मिळाल्या. ग्रॅम्प्समध्ये तारखेला 'आधी', 'नंतर', 'सुमारे', 'या दोन सालांच्या मध्ये' असं लावता येतं, त्यामुळे तिची आठवण आहे तशी नोंदवता येते.

शालिवाहन शक मात्र यात नाही. हिब्रू आहे, इराणी आहे, फ्रेंच राज्यक्रांतीतलं कॅलेंडरसुद्धा आहे, आपलं नाही. मी मूळ शक टिपणात जसाच्या तसा लिहिते आणि तारखेच्या रकान्यात इसवी सन घालते: शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटचे महिने असतील तर ७९. नात्यांचंही तेच. नातं काढून देणारं साधन आहे, पण इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्यांची एकच 'आंट'. आत्याला हे दाखवलं तर म्हणाली, 'मग भांडायचं कुणाशी ते कसं कळतं त्यांना?'

माझ्या हातून झालेले दोन घोटाळेही सांगते. ग्रॅम्प्स फोटो आत घेत नाही, फोटो कुठे ठेवलाय तेवढा पत्ता लक्षात ठेवतं. मी दिवाळीच्या साफसफाईच्या जोशात फोल्डरचं नाव बदललं आणि सगळे फोटो गायब दिसायला लागले. मीडिया मॅनेजर म्हणून साधन आहे, त्यातून सगळे पत्ते एका फटक्यात बदलता येतात. हे कळेपर्यंत एक रविवार रडण्यात गेला. दुसरा घोटाळा नावांचा. आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे एकाआड एक पिढी तेच नाव, तेच बापाचं नाव. मी एका संध्याकाळी खापरपणजोबा आणि आजोबा एकच समजून जोडून टाकले. आठवड्यानं आजोबा स्वतःचेच नातू निघाले तेव्हा ट्यूब पेटली. बॅकअप होता म्हणून वाचले. तेव्हापासून दर रविवारी काम संपवून उठताना बॅकअप, पेनड्राइव्हवर.

आता वहीबद्दल, कारण खरं काम तिनं केलं. डाव्या पानावर वर एकच प्रश्न लिहायचा. उजव्या पानावर कुठे पाहिलं, कोणत्या सालांचं पाहिलं, काय मिळालं. आणि मिळालं नाही तर 'नाही' असं स्पष्ट लिहायचं. सुरुवातीला हे 'नाही' लिहायला जिवावर यायचं. दिवसभर एसटीनं जाऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात धूळ खायची आणि वहीत एक शब्द. पण त्याच शब्दानं पुढे दार उघडलं, ते खाली येईलच.

कागदांपैकी कोतवाल बुकाबद्दल थोडं. गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूचं रजिस्टर. आमच्या गावची जुनी पानं मोडीत आहेत. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि त्यांना अक्षरं लटकवत जायचं, शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्यानं ओळखायचं, असा सगळा प्रकार. मी पाहिलेल्या पानांवर बाळाचं नाव जवळजवळ नाहीच; बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी. आईचा पत्ता नाही. मी मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना पानामागे पैसे देऊन वाचून घेतलं. स्वतः शिकायला घेतलंय, अजून सातबारावरची नावं ओळखण्यापलीकडे मजल नाही.

पाचव्या महिन्यात मी सगळं सोडून दिलं होतं. कारण कागद नव्हे, चुलतभाऊ. मी फेरफार काढतेय हे गावात कळलं आणि त्याचा फोन आला: 'ताई, वाटा हवाय का? सरळ सांग ना.' मी १९९८ सालीच हक्कसोड करून दिलेलं आहे, त्यावर साक्षीदार म्हणून सही त्याचीच. तरी हे. मुलीनं जमिनीच्या कागदाला हात लावला की तिला पणजी शोधायची असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. दीड महिना लॅपटॉप उघडला नाही.

परत आणलं ते एका जुन्या फोटोनं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहज टाकला, 'या कोण?' एवढंच विचारलं. रात्रीपर्यंत चौदा उत्तरं, त्यातली सहा एकमेकांशी भांडणारी, आणि पहिलं त्याच चुलतभावाचं. तेव्हापासून दर गुरुवारी एक फोटो. मी रविवारी दोनच तास बसते, जास्त नाही. घड्याळ लावून उठते, मन भरायच्या आधी.

आणि गंमत म्हणजे ज्या फेरफारावरून तो भांडला, त्यातच बायका सापडल्या. आजोबा १९६२ साली गेले, त्यांच्या वारसनोंदीत आजी आणि तिन्ही आत्या, सासरच्या नावांसकट. वंशावळीत नसलेल्या बायका हक्क सोडताना कागदावर येतात, हे मला तिथे दिसलं. ग्रॅम्प्समध्ये एका बाईला माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लावता येतात. एकेचाळीस पुरुषांच्या शेजारी आता तेवीस बायका आहेत. त्यातल्या नऊ जणींचं माहेर अजून कोरं आहे.

पणजी त्या नवांतली. तिचं नाव आत्याला ठाऊक होतं, माहेर नाही. पावसाळ्यात आत्याकडे कराडला गेले होते. माळ्यावरून तिनं पितळी परात काढली, पणजीच्या लग्नातली. काठाच्या आतून ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं, निम्मी झिजलेली. बोटानं चाचपत वाचली: एका माणसाचं नाव, 'यांजकडून', एका गावाचं नाव, 'शके १८२३'. म्हणजे १९०१-०२. आत्या म्हणाली, 'मामानं दिलेली असंल, परात मामाच देतो.' मग हे माहेरचं गाव की आजोळचं?

रात्री वही चाळताना मे महिन्यातलं पान समोर आलं. 'आजोबांचा जन्म, आमच्या गावचा नमुना १४, १९०१ ते १९०८: नाही.' आजोबा पणजीचे पहिले. पहिलं बाळंतपण कुठे होतं? माहेरी. आमच्या गावात नोंद असणारच कशी? परातीवरच्या गावच्या रजिस्टरात आजोबांचा जन्म सापडला, तर परात देणारा बाप किंवा भाऊ. नाही सापडला, तर आत्या बरोबर.

त्या गावच्या नोंदींसाठी अर्ज टाकलाय. तहसीलमधून 'पुढच्या आठवड्यात बघा' असं तिसऱ्यांदा ऐकलंय, तेही वहीत लिहून ठेवलंय. ग्रॅम्प्सला पाचपैकी चार गुण. वहीला गुण द्यायचं सुचलंच नाही.

परातीचे फोटो तिरप्या उजेडात सहा वेळा काढलेत. आत्याला बजावून आले की आता ती घासायची नाही. परवा फोन केला तर म्हणाली, 'काळी पडली होती गं, जराशी चिंच लावली फक्त.'