सेकंडहँड गोल्फ कार्ट : रंग बघून भुललो
जांबोटी रोडला आमचं होमस्टे आहे, गेटपासून खोल्यांपर्यंत सगळा चढ, म्हणून बेळगावातल्या एका डीलरकडनं जुनी 48 व्होल्टची कार्ट घेतली. सीट नवीन, रंग झकास, भुललो की! सपाटीला मस्त पळते पण चार माणसं बसवून चढाला लावली तर अर्ध्यातच दम टाकते. मेकॅनिकनं सीट उचलून दाखवलं, 8 व्होल्टच्या सहा लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, टर्मिनलवर हिरवट पावडर, दोन सेलमधलं पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. उभ्या गाडीत मीटर 50 व्होल्ट दाखवतो हो, लोड आला की धाडकन खाली. तुम्ही घेणार असाल तर आधी सीट उचला, बॅटरीवरची तारीख वाचा आणि चढावरच चालवून बघा. मोटर, ब्रेक चांगले आहेत, खोटं कशाला बोलू. डीलर मात्र आता फोनच उचलत नाही, दोन स्टार.