भजन आमचं, मालक तो : मंडळाचे ५५,७८० रुपये असे बुडाले

देवगड-मालवण पट्ट्यातल्या भजनी मंडळांनी आणि रत्नागिरीकडच्या जाकडी-नमन या लोककलावाल्यांनी हे वाचाच. 'तुमचं रेकॉर्डिंग ऑनलाइन टाकतो, पेन ड्राइव्हही करून देतो, धर्मकार्य आहे म्हणून कमी पैशात' असं म्हणणारा माणूस सध्या कोकणात फिरतोय. पुढचं तुम्हाला कळलंच असेल, आमच्या भजनी मंडळाला त्याने असंच फसवलं. तरी आकडे बघा, कारण आकडे मुद्दाम असे लावलेले असतात की एकाही रकमेला कोणी हटकू नये.

पेन ड्राइव्ह ३०० नग, १६ जीबी, प्रत्येकी १८० रुपये : ५४,०००. 'डिजिटल रिलीज' : ७,५००. बारा भजनांचे आयएसआरसी कोड, प्रत्येकी ७५० : ९,०००. सिनेमाच्या तीन चालींचं 'कव्हर लायसन्स' (दुसऱ्याचं गाणं नव्याने म्हणून विकायची परवानगी) : ४,५००. 'कॉपीराइट पेपर', जीएसटी धरून : १,१८०. एकूण ७६,१८० रुपये. सगळे मंडळाच्या खात्यातून, पावतीसकट. ड्राइव्ह ४०० रुपयांना विकायचा आणि उरेल ते गावातल्या डायलिसिसच्या रुग्णांच्या गाडीभाड्याला द्यायचं, असा बेत होता.

आयएसआरसी म्हणजे गाण्याचा बारा अक्षरांचा नंबर. गाणी ऑनलाइन दुकानांत पोचवणाऱ्या बहुतेक सेवा तो फुकट देतात. ९,००० तिथेच गेले. कव्हर लायसन्स तर निव्वळ थाप. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१क मध्ये कव्हरसाठी दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरलेली आहे. ४,५०० रुपयांत तीन गाणी कोण देणार? शिवाय चाल सिनेमाची आणि शब्द विठ्ठलाचे, हे त्या कलमातलं कव्हर नव्हेच. त्यासाठी मूळ हक्कदाराचीच लेखी परवानगी लागते. तुकोबांचा अभंग पारंपरिक चालीत म्हणायला कोणाला विचारावं लागत नाही. विकायच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढंच ठेवा, सिनेमाच्या चाली बारीत, म्हणजे समोरासमोरच्या भजनात, गा.

आमचं रेकॉर्डिंग मात्र घरचं असून चोख होतं, हे सांगायलाच हवं. सभामंडपात आवाज घुमतो म्हणून कौलारू घराच्या माजघरात भिंतींना गोधड्या लावून केलं. बुवा, पेटी, पखवाज, झांज असे चार वेगळे ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. झांज बुवांच्या माइकमध्ये शिरते, म्हणून झांजवाला दाराबाहेर. पावसाळी हवेत पखवाजाची पुडी सैल पडते, सूर उतरतो आणि डाव्या पुडीची कणीक पुन्हापुन्हा लावावी लागते, म्हणून थंडीची वाट पाहिली. आणि त्या माणसाने मागितलं काय, तर हेच चार ट्रॅक सुटे. म्हणे, 'मास्टरिंग (आवाजाची शेवटची सफाई) चांगलं होईल.' ऑनलाइन टाकायला तयार स्टिरिओ फाइल पुरते. सुटे ट्रॅक मागतो तो बुवांचा आवाज पेटीपासून वेगळा काढून उद्या कुठेही विकू शकतो. सुटे ट्रॅक कोणालाही देऊ नका.

आता पेन ड्राइव्ह. आत बारा भजनं आणि डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याचा, व्हिडिओ होता. गाडीतल्या आणि जुन्या टीव्हीवरच्या प्लेअरना फॅट३२ ही फाइली ठेवायची जुनी पद्धत लागते आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही, म्हणून व्हिडिओचे चार तुकडे. सगळं मिळून ११ जीबी. ड्राइव्ह संगणकाला लावला की १६ जीबी दाखवायचा, पण आत चिप ४ जीबीचीच. ड्राइव्हमधल्या कंट्रोलरला, म्हणजे संगणकाला आकार सांगणाऱ्या भागाला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. फाइलींच्या नावांची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीला असते, ती खऱ्या जागेत बसते, म्हणून नावं आणि आकार सगळे बरोबर दिसतात. मजकूर मात्र ४ जीबीनंतर हवेत. तपासताना माणूस पहिलं भजन लावतो, ते वाजतं. त्यातून नमुन्याचा म्हणून दिलेला ड्राइव्ह अस्सल होता. लॉटमधला कुठलाही उचला आणि एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने पूर्ण भरून परत वाचून बघा. १६ जीबीला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. नुसता 'प्रॉपर्टीज'मधला आकडा बघून पैसे देऊ नका.

गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी हौसेने २१४ ड्राइव्ह नेले, ८५,६०० रुपये जमले. मग मुंबईहून फोन सुरू झाले, 'दुसरी बारी लागत नाही'. १६३ जणांना ६५,२०० परत केले. ५१ जणांनी 'राहू दे, धर्माचे' म्हटलं, त्यांचे २०,४०० राहिले. म्हणजे रुग्णांच्या निधीला शून्य आणि मंडळाला ५५,७८० चा खड्डा. पत्रकावर त्याने परस्पर '८०जी करसवलत' (देणगीवरची आयकर सवलत) छापली होती, ते वेगळंच. वस्तू विकत घेतली की ती देणगी होत नाही आणि आमच्याकडे ८०जी नाहीच. पावती मागायला लोक आले तेव्हा तोंड लपवायची पाळी.

पण खरी जळजळ ऑनलाइनची आहे. अल्बम लागला त्या दिवशी त्याच्या पानाचा स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर शंभरदा फिरला. बुवांचा फोटो, मंडळाचं नाव, सगळं झळकत होतं. खाली बारीक अक्षरात वर्तुळातल्या पी च्या खुणेपुढे त्याच्या फर्मचं नाव होतं. ती खूण म्हणजे या ध्वनिमुद्रणाचा मालक कोण. वर्तुळातला सी वेगळा, तो मुखपृष्ठाचा वगैरे. सगळं तिथेच लिहिलेलं होतं, उघड्यावर, ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या हातात. त्याच दिवशी ते दिसलं असतं तर ड्राइव्हचा दुसरा हप्ता, २७,००० रुपये, थांबला असता. आता म्हणतात, बघायला नको होतं का? फोनच्या पडद्यावर ती ओळ मुंगीएवढी, आणि आपल्या गावाचा बुवा जगभर लागलाय म्हटल्यावर तळटीप कोण वाचतो? हमी देऊन सांगतो, हसणाऱ्यांनीही वाचली नसती. बुवा एवढंच म्हणाले, "आमच्या आवाजाचो धनी दुसरोच कसो?"

धनी झाला तो त्या १,१८० च्या कागदाने. 'परवाना' म्हणून दाखवलेल्या कागदात 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर' होतं. कलम १९ प्रमाणे हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल तर पाच वर्षं आणि फक्त भारत धरतात. म्हणून हे लोक ती जागा मोकळी सोडत नाहीत. तुम्ही परवाना द्या, मालकी नको. गाणी ऑनलाइन टाकायचं खातं मंडळाच्या ईमेलवर उघडा, पासवर्ड मंडळाकडे. कमाईचा रिपोर्ट दोन-तीन महिन्यांनी येतो हे खरंच आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीआड तो लपून राहिला.

मग यूट्यूबवर मंडळाच्याच चॅनेलवरच्या बारीवर त्याचा कंटेंट आयडीचा (सारखा आवाज ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) दावा आला. आमच्या गाण्याची जाहिरातीची कमाई त्याला! हरकत घेतली की दावेदाराला ३० दिवस मिळतात. त्याने नाकारली. मग अपील, तिथे ७ दिवस. हरकत पहिल्या पाच दिवसांतच घ्या, म्हणजे दाव्याच्या दिवसापासूनची कमाई अडवून ठेवतात, दावेदाराला जात नाही. शेजारच्या वाडीतल्या मंडळाच्या व्हिडिओवरही दावा आला, कारण चाल पारंपरिक, मशीनला ती सारखीच वाटली. त्यांच्याशी बोलणं तुटलंय ते तुटलंय.

पोलिसांचं काय सांगावं! पहिलं उत्तर, 'हे दिवाणी आहे.' दुसरं, 'फर्म मुंबईची, तिकडे जा.' अरे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवून घ्यायचा. कागद पुढे ठेवला तर साहेब म्हणाले, आम्हाला शिकवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर प्रश्न, 'पैसे तुम्हीच पाठवलेत ना?' फसवणुकीत पैसे माणूस स्वतःच पाठवतो, त्यालाच फसवणूक म्हणतात! तो नंबर पैसे गेल्यावर लगेच, पहिल्या काही तासांत लावायचा असतो. आम्हाला कळलं तोवर त्याचं खातं रिकामं. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही आणि आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते म्हणून गेलो, तर खिडकीवरच निकाल, 'विकायला घेतलेत म्हणजे ग्राहक नाही.' नफा कोणाच्या खिशात जाणार होता हे ऐकायलाही कोणी थांबेना. उलट विचारणा आमच्याकडेच, धर्मादायसाठी पैसे गोळा करायची धर्मादाय आयुक्तालयाची कलम ४१क ची परवानगी कुठाय? ती होती, म्हणून वाचलो. तुम्ही आधी काढा. नाहीतर चोर बाजूला आणि मंडळ पिंजऱ्यात.

ठाण्यात घेतलं नाही तर तक्रार लेखी, स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे. आम्ही तिथेच अडकलोय.

बिलावर जीएसटी नंबर होता हो, तो साइटवर खराही निघाला. पण पंधरा अक्षरांतलं सहावं अक्षर बघा. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन असतो आणि पॅनचं चौथं अक्षर माणूस की कंपनी ते सांगतं. कंपनीला सी, एकट्या माणसाला पी. बिलावर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलेलं आणि नंबरात पी.

उरलेले ८६ ड्राइव्ह फॉरमॅट करू नका असं वकिलांनी बजावलंय, तो पुरावा आहे. मूळ रेकॉर्डिंगच्या प्रोजेक्ट फाइलीही तारखांसकट जशाच्या तशा दोन डिस्कवर ठेवल्यात. त्यावरून आवाज आधी कोणाकडे होता ते दाखवता येईल. तो माणूस आता नाव बदलून शिमग्याआधी संगमेश्वर-लांज्याच्या बाजूला नमनवाल्यांकडे जातोय असं कानावर आलंय. पेन ड्राइव्हचा दर २०० केलाय.