बाबांचं जीपीएस घड्याळ : आठ महिने वापरल्यावर

बाबा ७८ वर्षांचे, अल्झायमर आहे हे कळून तीन वर्षं झाली. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी "घरी जाऊन येतो" म्हणून निघाले ते दीड तासाने मानपाड्याच्या बसस्टॉपवर सापडले. घर म्हणजे चरईतली चाळ. ती पाडली त्याला पंधरा वर्षं झाली. त्याच रात्री हे घड्याळ मागवलं.

पहिला महिना ते हातात टिकलंच नाही. "हे माझं नाही, ज्याचं त्याला नेऊन दे." खरंच होतं की, त्यांच्या डाव्या मनगटावर चाळीस वर्षं किल्लीचं एचएमटी. समजावून उपयोग नसतो हे कळायला मला महिना लागला. मग एचएमटी राहू दिलं आणि हे उजव्या हाताला. "कंपनीने दिलंय, गेटवर दाखवायला लागतं." वागळे इस्टेटला तीस वर्षं पाळ्या केलेला माणूस, मुकाट हात पुढे केला. एचएमटीला किल्ली रोज सकाळी स्वतः देतात, ते विसरत नाहीत.

यात सिम घालावं लागतं, रिचार्ज आपला. उघड्यावर ठिकाण अचूक दाखवतं. इमारतीत जीपीएस पोचत नाही, मग टॉवरवरून अंदाज. एकदा मी ऑफिसात आणि ॲपवर बाबा थेट येऊरच्या जंगलात! घाबरून फोन केला तर साहेब गॅलरीत शेंगा सोलतायत. बॅटरी दोन दिवस म्हणतात, रोज चार्ज करावी लागते.

ॲपवर घराभोवती आखून ठेवलेली हद्द ओलांडल्याचा मेसेज चार-पाच मिनिटं उशिरा येतो. तेवढ्यात माणूस हायवेला लागतो. म्हणून दाराला तीनशे रुपयांचा चुंबकवाला अलार्म लावला आणि खरं सांगू, जास्त कामाला तोच आला. वाजला की मी चपला घालून बरोबर निघतो. अडवलं तर भडकतात, गेटपर्यंत चक्कर मारली की आपणच वळतात. दिवेलागणीला गोंधळ वाढतो, या आजारात तसं होतंच, असं डॉक्टर म्हणाले. आता घरातले दिवे पाचलाच लावतो, थोडा फरक आहे.

घ्यायचं तर घ्या, पण शर्टाच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठी हवीच. मागच्या आठवड्यात घड्याळ चार्जिंगला होतं तेव्हा एका रिक्षावाल्याने ती वाचूनच फोन केला. पट्टा सातव्या महिन्यात तुटला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर यायचंय, तोवर आईने नाडी शिवून दिलीय.